होडीवाली

आमच्या दिवाणखान्यात माझी सवत राहते. दारातून आत आलं की समोरच्याच भिंतीला, काचेच्या कपाटात. तिचं नाव मी घेत नाही आणि घ्यायची गरजही नाही. कधी बुडणारच नाही म्हणून मिरवलं गेलेलं आणि पहिल्याच सफरीत हिमनगावर आपटून बुडालेलं ते चार धुराड्यांचं जहाज सगळ्या जगाला ठाऊक आहे. कुणाला दागिन्यांचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा. आमच्या ह्यांना त्या जहाजावरची पुस्तकं जमवण्याचा. तीही चित्रांची. पुस्तकात चित्र नसेल तर हे त्याला हातही लावायचे नाहीत.

हे ड्राफ्ट्समन होते. बॉयलरच्या कारखान्यात आयुष्यभर नकाशे काढले आणि दुसऱ्यांनी काढलेले तपासले. ती सवय घरी आली. नवीन पुस्तक आलं की जेवणाचं टेबल पुसून कोरडं करायचं, त्यावर कागद पसरायचा, कागदावर पुस्तक, हातात भिंग आणि बाजूला मोजपट्टी. चौथ्या धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघताना दिसला की हे गरजायचे, "चूक!" ते धुराडं भट्ट्यांचं नव्हतं, हवा खेळती राहावी म्हणून होतं, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवण्यात आलं. आकाशात चंद्र काढलेला असला तर चूक, कारण त्या रात्री चंद्र नव्हता. लाटा उसळत असल्या तर चूक, कारण समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत होता. चुका फार झाल्या की पुस्तक परत दुकानात. कारखान्यातले बॉयलर तरी इतक्या कडकपणे तपासले असतील की नाही, मला शंकाच आहे.

मी स्वतः कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. पँट आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर. माझ्या डोक्यावर कामाचा ढीग आणि ह्यांचं टेबलावर जहाज बुडतंय. आमची त्यावरून कमी भांडणं झाली नाहीत.

एक चित्र मात्र हे मला अगदी सुरुवातीला कौतुकानं दाखवायला घेऊन आले होते. जहाजावरचं म्हातारं जोडपं. बायकांना होड्यांत बसवत होते, तेव्हा ही म्हातारी होडीपाशी आली आणि मागे फिरली. नवऱ्याला सोडून जाणार नाही म्हणाली. मग दोघं डेकवर शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसली. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, माझे डोळे भरून येतील म्हणून.

"मी बसले असते होडीत," मी म्हणाले. "दोघांनी बुडून कुणाचं भलं झालं? मागचं सगळं कुणी बघायचं?"

हे चष्मा काढून ठेवावा लागेपर्यंत हसले. त्या दिवसापासून मी होडीवाली. "होडीवाली, चहा झाला का?" "होडीवाली, माझी मोजपट्टी कुणी घेतली?" चार माणसांतसुद्धा तेच. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण मी कधी माघार घेतली नाही. बसले असते म्हणजे बसले असते.

मागच्या वर्षी दाढी करताकरता हे बाथरूममध्ये कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, उजवा हात आणि पाय निम्मेच परत आले आणि वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, ह्यांना सगळं कळतं, शब्दही आत जागच्या जागी आहेत, बाहेर यायची वाट तेवढी बंद झाली आहे. एवढा बोलघेवडा माणूस खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायचा आणि घरात फक्त माझ्या शिवणयंत्राचा आवाज.

लेक दुसऱ्या शहरात हॉटेलची मॅनेजर आहे. सगळ्यांची व्यवस्था लावणं हा तिचा धंदाच. तिनं तिच्या घराजवळ रुग्णांची देखभाल करणारी एक चांगली संस्था शोधली. बाबा तिथं, मी तिच्याकडे, रोज संध्याकाळी भेटायला जायचं.

"आई, तुझ्या कंबरेकडे बघ एकदा," ती म्हणाली. "बाबांना उचलतेस, बसवतेस. किती दिवस?"

"कंबर माझी आहे."

"आणि तू झोपलेली असताना बाबांना काही झालं तर? ते हाकसुद्धा मारू शकत नाहीत. तुला एकदा झोप लागली की कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. ह्यांचा पलंग आता दिवाणखान्यातच होता. ह्यांना मी घंटी दिली होती, पण ती डाव्या हातातून सटकून पलंगाखाली जायची.

"हाक मारायला लागले की मग?" मी विचारलं.

"मग मी एक शब्द बोलणार नाही," लेक म्हणाली. "तोवर संस्थेला खोली राखून ठेवायला सांगते. पण कायमची ठेवणार नाहीत ते."

मी मनाशी ठरवलं. कुणी घट्ट शिवण घातलेली असली तर ती ओढून सुटत नाही. सुईचं टोक घालून एकेक टाका उसवावा लागतो. वेळ लागतो, पण उसवते.

एक स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागली. गोड मुलगी, आवाजही गोड. पिशवीतून चित्रांची कार्डं काढायची. सफरचंद. कुत्रा. छत्री. "काका, हे काय आहे?" काका मान फिरवून खिडकीबाहेर बघायचे. आयुष्यभर बॉयलरचे नकाशे काढलेला माणूस, त्याला सफरचंद काय म्हणून विचारता? एक दिवस ह्यांनी डाव्या हातानं सगळी कार्डं जमिनीवर ढकलून दिली. ती मुलगी कार्डं गोळा करत म्हणाली, "काकू, बोलावंसं वाटेल असं काहीतरी समोर यायला हवं. ते मी बाहेरून आणू शकत नाही."

ती गेल्यावर मी रागारागानं फडकं घेतलं आणि कपाट पुसायला लागले. रागावले की मी घर पुसते. एक जाडजूड पुस्तक काढलं आणि ह्यांच्या मांडीवर उघडून आपटलं.

"घ्या! बोलायचं नसेल तर बसा तुमच्या लाडकीकडे बघत. पाच धुराडी आणि पाचही धुराड्यांतून धूर!"

मी मुद्दाम नाही बोलले. रागात आकड्याकडे कुणाचं लक्ष असतं? मी वळून पुढचं पुस्तक काढणार, तेवढ्यात मागून घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला. धावले. ह्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर आपटत होता, मानेची शीर टरारून फुगली होती आणि डोळे माझ्यावर रोखलेले.

"च्... च्... चूक."

मी ह्यांच्या पायाशी बसले. फडकं तोंडाला लावून मनसोक्त रडले आणि मग उठून म्हणाले, "बरं, मग सहा."

"चूक!"

त्या दिवसापासून मी खोटं बोलायचा सपाटा लावला. जहाज हिरव्या रंगाचं होतं. चूक. हिमनग लाकडाचा होता. चूक, चूक. मग नुसत्या चूकवर समाधान मानायचं मी बंद केलं. "चूक तर चूक, मग बरोबर काय ते सांगा!" असं म्हणून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "का... काळं." "चार." एका शब्दासाठी ह्यांना घाम फुटायचा. थेरपिस्ट मुलीनं ऐकलं तेव्हा ती टाळ्या वाजवायला लागली. "काकू, कार्डं मी पिशवीतच ठेवते. तुम्ही चिडवत राहा."

पण ह्यांना फसवणं इतकं सोपं असतं तर कारखान्यानं ह्यांना तपासणीला बसवलंच नसतं. काही आठवड्यांत ह्यांच्या लक्षात आलं की मी ठरवून चुकतेय. मी तोंड उघडायच्या आधीच हे अर्ध्या ओठानं हसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. माझ्या बनावट चुकांचा ह्यांना राग येईना. खरी चूक पाहिजे होती, कुणीतरी गंभीरपणे काढलेली, रंगवलेली, छापून विकलेली. आणि कपाटात तर सगळी पारखून घेतलेली शहाणी पुस्तकं. घोडं तिथंच अडलं.

म्हणून मी कप्तानाच्या दुकानात गेले.

कप्तान म्हणजे जुन्या पुस्तकांचा दुकानदार. जन्मात जहाजावर पाय ठेवलेला नाही, पण डोक्यावर सदोदित नाविकाची टोपी. ह्यांना त्या जहाजाची पुस्तकं पुरवणारा तोच. दोघांचं फार सख्य होतं. मग एकदा त्यानं एक भलंमोठं चित्रमय पुस्तक ह्यांना डोळे झाकून घ्या म्हणून दिलं. हे दुसऱ्याच दिवशी ते परत घेऊन गेले आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर पान उलटून उलटून चुका दाखवल्या. कप्तानाच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्ही स्वतः होतात का हो तिथं?" असं तो ओरडला आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. कित्येक वर्षं झाली त्याला. आजारपणातही तो फिरकला नव्हता.

मला बघून त्यानं टोपी सारखी केली. "वहिनी? काय हवंय?"

"त्या जहाजावरची पुस्तकं. चित्रांची."

"तुम्हाला? बसा, बसा. परवाच एक आलंय. चित्रकारानं मूळ नकाशे बघून काढलंय. एक खिडकी इकडची तिकडे नाही."

"ते नको. बरोबर असलेलं आमच्या घरी ढीगभर आहे. मला चुकीचं पाहिजे."

कप्तान माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. तो शिडी लावून वर चढला आणि धूळ खात पडलेली तीन पुस्तकं घेऊन उतरला. मी कापड पारखावं तशी ती पारखली.

"ह्यात चंद्र आहे?"

"पौर्णिमेचा."

"लाटा?"

"घराएवढ्या. आणि शेवटच्या पानावर जहाज अख्खंच्या अख्खं बुडतंय, तुकडे न होता."

"बांधा."

घरी येऊन मी पौर्णिमेचा चंद्र ह्यांच्या नाकासमोर धरला. ह्यांचे कान लाल झाले. "चंद्र... नाही!" दोन शब्द एकापाठोपाठ. मी त्या चित्रकाराला मनातून दंडवत घातला.

मग मला नादच लागला. शाळांनी काढून टाकलेली पुस्तकं, वाचनालयाच्या दारातली खोकी, रद्दीचे गठ्ठे, काही म्हणजे काही सोडलं नाही. एका पुस्तकात हिमनगाच्या टोकावर अस्वल बसलं होतं. ते मी छातीशी धरून घरी आणलं. कपाटाचा खालचा कप्पा माझ्या पुस्तकांचा झाला आणि हे त्याकडे असे बघायचे जणू मी घरात चोर आणून बसवलेत. दोन शब्दांचे तीन झाले. "लाटा नव्हत्या तिथं." "धूर तीनातून फक्त."

पण हाक काही येईना. पाणी हवं असलं तरी हे हातानंच खूण करायचे. रात्री कूस बदलायची असली तर सकाळपर्यंत तसेच पडून राहायचे आणि मी शेजारी घोरत असायची. शब्द येत ते फक्त चुकीवर तुटून पडायला आणि तेही हळू, घशातल्या घशात. मला मात्र रोज वाटायचं की आज तरी हे मला होडीवाली म्हणतील. ज्या शब्दानं इतकी वर्षं जळले, तोच ऐकायला मी कासावीस झाले होते.

लेकीचा फोन आला. संस्थेनं खोली आणखी राखून ठेवायला नकार दिला होता, हो की नाही ते कळवायचं होतं. रविवारी ती स्वतः येणार होती.

मी पुन्हा कप्तानाकडे गेले. "ते पुस्तक द्या. भांडणाचं."

त्याचा चेहरा पडला. "ते विकायचं नाही. त्या पुस्तकापायी माझी अब्रू गेली."

"म्हणूनच पाहिजे."

"विकणार नाही, वहिनी." त्यानं टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली. "मी घेऊन येईन. मीच वाचून दाखवीन. बघतो काय म्हणतात ते."

रविवारी लेक सकाळीच आली. खालचा कप्पा बघून म्हणाली, "आई, आता तूसुद्धा?" मी तिला चहाचे कप काढायला सांगितले. कप्तान आला तो पुस्तक दोन्ही हातांत धरून. खुर्चीतल्या माणसाकडे त्यानं बघितलं आणि त्याचे पाय दारातच थबकले. एके काळी टेबल हादरेल इतक्या जोरात बोलणारा माणूस, त्याचा एक गाल ओघळलेला, हात मांडीवर पडलेला.

"वहिनी," तो माझ्या कानाशी म्हणाला, "ह्यांच्याशी मी कसा भांडू?"

"दया दाखवलीत तर चहा मिळणार नाही. भांडा."

कप्तान ह्यांच्यासमोर बसला आणि त्यानं पुस्तक उघडलं. हे आधी कप्तानाकडे बघत होते, मग त्या मुखपृष्ठाकडे. ओळख पटल्याबरोबर ह्यांचे डोळे बारीक झाले.

"भव्य जहाज बंदरातून निघालं," कप्तान वाचू लागला. "चारही धुराड्यांतून धुराचे लोट उसळत होते."

"तीन!"

"इथं चार काढलेत."

"गाढव आहे."

लेकीच्या हातातला कप बशीवर खणकला. मला कळेना, गाढव म्हणजे चित्रकार की कप्तान. कप्तानाला मात्र पक्कं कळलं. तो पुढे सरकला. लाल रंगाचं जहाज, चंद्र, लाटा, सगळं वाचत गेला आणि हे एकेक पाडत गेले. शब्द अडखळत, तुटत, पण येत होते. शेवटी कप्तान तांबडालाल झाला आणि त्याच्या तोंडून तेच जुनं निघालं, "तुम्ही स्वतः होतात का हो तिथं?"

"नकाशे... बघितलेत... मी!"

लेक भिंतीला टेकून उभी होती. कप्तानानं दणक्यात पान उलटलं आणि वाचायला लागला. त्या पानावर काय आहे ते मला माहीत नव्हतं, नाहीतर मी त्याला थांबवलं असतं.

"म्हातारीनं नवऱ्याचा निरोप घेतला आणि ती होडीत बसली. दूर जाताना ती रुमाल हलवत होती."

चित्र पानभर होतं. होडीत टोपी घातलेली म्हातारी, हातात पांढरा रुमाल. वर कठड्याशी एकटा म्हातारा.  टेबलावर लेकीची पर्स होती, पर्समध्ये संस्थेचे कागद होते, ते तिनं आल्याआल्याच दाखवले होते. मी पान उलटायला हात पुढे केला. ह्यांनी आपला डावा हात त्या पानावर ठेवला. तो हलेना.

"चूक," हे म्हणाले. मग बराच वेळ नुसते ओठ हलत राहिले.  "ती... होडीत... बसली नाही."

अख्खं वाक्य. कप्तानानं चष्मा काढून पुसायला घेतला. लेक रडत होती. मला ते सगळं सहन होईना आणि सहन झालं नाही की मी भांडते.

"बसायला हवं होतं तिनं," मी म्हणाले. "अक्कल असती तर बसली असती. मी बसले असते. आधीपासून सांगतेय मी. मी होडीवालीच आहे ना?"

तो शब्द मी ह्यांच्या पुढ्यात ठेवला. हे उचलतील, एवढंच मला हवं होतं. ह्यांनी पुस्तकाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. कंबरदुखीसाठी बांधलेल्या माझ्या पट्ट्याकडे बघितलं, पलंगाशेजारी टाकलेल्या माझ्या अंथरुणाकडे बघितलं आणि श्वास भरून घेतला.

"चूक!" हे ओरडले.

घशातल्या घशात नाही. छातीतून, पूर्वी टेबलावरून गरजायचे तसे. कपाटाची काच वाजली. त्या आवाजानं मी गाढ झोपेतूनही ताडकन उठले असते, आणि हे माझ्या लेकीलाही कळलं, कारण तिनं डोळे पुसले, फोन घेतला आणि बाल्कनीत जाऊन त्या लोकांना खोली नको म्हणून सांगून टाकलं.

कप्तान पुस्तक मिटायला लागला.

"मिटू नका," मी पदरानं नाक पुसत म्हणाले. "वाचा पुढं. अजून बरीच पानं आहेत."